संध्याकाळी सात वाजले की पिल्लू चावत सुटतं: चार वेळा परत आलेली तक्रार

गाडी दुरुस्त करून दिली आणि पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन परत आलं, की दोनच शक्यता असतात. एक तर आपण काम नीट केलेलं नसतं, नाहीतर तक्रार तीच असली तरी दोष या वेळी दुसरीकडेच असतो. गाडी मिसिंग मारते म्हणून येते. पहिल्यांदा प्लग निघतो, दुसऱ्यांदा टाकीत पाणी. साताऱ्यात वीस वर्षं दुचाकीचं गॅरेज चालवतोय, एवढं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. घरातल्या पिल्लाच्या बाबतीत मात्र हेच कळायला सहा महिने गेले, म्हणून लिहून ठेवतोय.

पिल्लाचं नाव भिंगरी. फेब्रुवारीत गॅरेजमागच्या गटारात सापडली. तांबूस रंग, शेपटीचं टोक पांढरं, एक कान उभा आणि एक पडलेला. जनावरांच्या डॉक्टरांनी दात बघून सहा-सात आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं. रस्त्यावरच्या कुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि थंडीत वितात, त्यामुळे त्या दिवसांत अशी पिल्लं गल्लोगल्ली असतात. "दोन दिवस ठेवू, मग बघू" असं घरी सांगून आणली. बघायचं राहूनच गेलं.

तक्रार अशी: दिवसभर शहाण्यासारखी. संध्याकाळी सात वाजता आईनं देवापुढे दिवा लावला की हिच्या अंगात यायचं. कान मागे, ढुंगण खाली दाबून बैठकीतून स्वयंपाकघर, तिथून परत बैठक, सतरंजीवरून घसरून भिंतीला धडक, पुन्हा सुरू. तिसऱ्या-चौथ्या फेरीला जो समोर दिसेल त्याच्या पोटरीला दात. पोराच्या उघड्या गुडघ्याला, बायकोच्या ओढणीला, आणि सगळ्यात जास्त आईच्या लुगड्याच्या काठाला. ओरडलं की जोर वाढायचा. अर्धा तास हा धिंगाणा, मग बटण बंद केल्यासारखी जागच्या जागी झोप. त्यातलं पळणं सोडून द्या, पिल्लू आहे, पळणारच. आपली तक्रार चावण्याची आहे.

पण उपायांच्या आधी एक गोष्ट. रक्त आलं असेल तर पुढचं नंतर वाचा. गटारातून काढताना भिंगरीचा दात माझ्या अंगठ्यात घुसला होता. "एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज" असं मला गॅरेजमध्ये चार जणांनी ऐकवलं. पिल्लालाही रेबीज असू शकतो, आणि लक्षणं सुरू झाल्यावर या रोगावर इलाज नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, फार वेळ वाटतो. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग सरकारी दवाखाना. तिथे लस फुकट मिळते. मला कातडीत टोचायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दिली, आणि रक्त आलेलं असल्यामुळे जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजशी लगेच लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. नुसतं खरचटलं असेल तरी डॉक्टरांना दाखवायचं, घरी बसून ठरवायचं नाही. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात सुरू होते, तोवर घरात सगळ्यांनी जपून.

आता लोकांचे सल्ले. पेपरची गुंडाळी करून नाकावर मारा. तोंड हातानं गच्च दाबून धरा. उताणी पाडून दाबून ठेवा, म्हणजे मालक कोण ते कळेल. यातलं शेवटचं मी दोनदा केलं, लपवत नाही. दुसऱ्या वेळेला ती खालून गुरगुरली. तोवर कधी गुरगुरली नव्हती. हा "मालक दाखवा" प्रकार कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आला. तो ज्यांच्यामुळे जगभर पसरला त्या डेव्हिड मीच (Mech) या अमेरिकी संशोधकानंच पुढे सांगितलं, की मोकळ्या रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी भांडणं चाललेली नसतात. शिवाय भिंगरी लांडगा नाही आणि मीही नाही. चावलं की आपण मोठ्यानं "आई गं" करून ओरडायचं, म्हणजे पिल्लाला दुखल्याचं कळतं, हाही एक सल्ला असतो. काही पिल्लं थांबतात त्यानं. आमच्याकडे पोरगा किंचाळला की भिंगरीला वाटायचं खेळणं वाजतंय.

तक्रार पहिली: मार्च, वय तीन महिने

गॅरेजमध्ये प्रत्येक गाडीचं जॉबकार्ड असतं. एक दिवस वैतागून भिंगरीचंही केलं. कोरं कार्ड, वरती तारीख, खाली वेळ आणि नोंद: उठली, खाल्लं, शी, झोपली, चावली. पाच दिवस भरलं. पाचव्या दिवशी कार्ड समोर ठेवून बघितलं तर सरळ दिसत होतं. दुपारी तीनपर्यंत झोपेच्या नोंदी भरपूर. तीन वाजता पोरगा शाळेतून यायचा, आणि तिथून सातपर्यंत झोपेची एकही नोंद नाही. चार तास ते दोघं, शिवाय गल्लीतली आणखी तीन पोरं.

या वयाच्या पिल्लाला दिवसाची अठरा तासांच्या आसपास झोप लागते. ती मिळाली नाही की पिल्लू पेंगत नाही, उलट पिसाळल्यासारखं करतं. ज्यांनी लग्नाच्या मांडवात तीन वर्षांचं पोर रात्री अकरापर्यंत जागवलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. आणि आम्ही काय करत होतो? "ताकद जिरत नाही तिची" म्हणून सहा वाजता तिला आणखी पळवत होतो. इंजिन तापलंय आणि आम्ही ॲक्सिलरेटर पिळतोय.

उपाय: पाच वाजता सक्तीची झोप. आमच्या जिन्याखाली सायकल ठेवायची कोनाड्यासारखी जागा आहे. तिथे गोणपाट दुमडून टाकलं, पाण्याचं भांडं ठेवलं, पुढे जुन्या कपाटाचं जाळीचं दार टेकवलं. पहिल्या दिवशी दार लावायचं नाही. तीन-चार दिवस जेवण तिथेच, दार उघडं. मग खाताना दार लावायचं आणि खाऊन झाल्याबरोबर उघडायचं. मग दोन मिनिटं, पाच मिनिटं. शिक्षा म्हणून तिथे कधीच कोंडायचं नाही, नाहीतर ती जागा कोठडी होते. आम्हाला दहा दिवस लागले. अकराव्या दिवशी पाच वाजता ती आपणहून गोणपाटावर जाऊन पडली, साडेसहाला उठली, आणि दिवा लागला तेव्हा आईच्या पायाशी बसून घंटीकडे बघत होती.

आम्हाला वाटलं सुटला प्रश्न.

तक्रार दुसरी: एप्रिल अखेर, वय साडेचार महिने

झोप व्यवस्थित चाललेली, कार्डावर दिसत होतं. तरी चावणं परत आलं, आणि वेळकाळ न बघता. खुर्चीचा पाय, पान्ह्याची रबरी मूठ, माझं मनगट, सगळं सारखंच. पोरगा म्हणाला, "बाबा, ती विसरली सगळं." एका सकाळी झाडताना बायकोला सतरंजीवर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तुकडा सापडला. तिनं तो तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेला. दात होता, आतून पोकळ. दोरीच्या खेळण्यावर रक्ताचे दोन पुसट डागही होते.

पिल्लाचे दुधाचे दात २८. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावल्याशिवाय जनावराला चैन पडत नाही. इथे चावायला हक्काचं काहीतरी देणं एवढाच मार्ग. सुती पंचा ओला करून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवला. हे सगळ्यात जास्त चाललं, उन्हाळा होता आणि थंड लागायचं. असे तीन पंचे आलटून पालटून, आणि चावताना लक्ष ठेवायचं, चिंध्या गिळू द्यायच्या नाहीत. फ्रीजमधलं अख्खं गाजरही आवडलं. शिजवलेलं हाड देऊ नका, ते टोकदार फुटतं आणि आतड्यात जातं. जुनी चप्पलही देऊ नका. जुनी कोणती आणि दिवाळीला घेतलेली कोणती हे त्याला कळत नाही, आणि ती चूक त्याची नाही. (ही चूक आम्ही केली. शेवटी सांगतो.)

हात तोंडात घेतला की झटक्यानं ओढायचा नाही. ओढला की उंदीर पळाल्यासारखं वाटून पकड घट्ट होते. हात ढिला सोडायचा, दुसऱ्या हातानं पंचा पुढे करायचा. तो धरला की शाबासकी. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे करावं लागतं, कंटाळा येतो. मे संपता संपता नवे सुळे दिसायला लागले आणि चावणं आपोआप उतरलं. सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा नव्या सुळ्याच्या शेजारी तसाच उभा असेल तर डॉक्टरांना दाखवा, जबडा वाकडा बसू शकतो.

तक्रार तिसरी: जून, आणि फक्त आईला

ही सगळ्यात चिवट. भिंगरी मला चावत नव्हती, पोराला नाही, बायकोला नाही. संध्याकाळी फक्त आईच्या लुगड्याला लटकायची. कार्डावर काहीच दिसेना: झोप ठीक, दात ठीक. मग एक दिवस सातला गॅरेज कामावरच्या पोराच्या भरवशावर सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. आई भाकरी थापत होती. भिंगरी आली, काठ ओढला. आई म्हणाली, "सोड गं भवाने." सोडला नाही. आईनं परातीच्या कडेला ठेवलेल्या भाकरीचा तुकडा मोडून लांब फेकला. भिंगरी तिकडे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं दिलं की जाते बिचारी. तुम्हीच उगाच बाऊ करता."

म्हणजे लुगडं ओढणं हे भाकरीचं यंत्र झालं होतं.

त्यातही आई रोज द्यायची नाही. कधी द्यायची, कधी नुसती रागवायची, कधी तिसऱ्या ओढीला द्यायची. हे रोज देण्यापेक्षा वाईट. मटक्याचा आकडा रोज लागला असता तर माणूस एक दिवस न लागल्यावर समजून गेला असता. कधीमधी लागतो म्हणूनच माणसं वर्षानुवर्षं लावत बसतात. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं उंदीर आणि कबुतरांवर हेच तपासून दाखवलं: अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसानं लागलेली सवय सगळ्यात उशिरा सुटते. तुमच्या घरात एक तक्रार बंद होऊन पुन्हा पुन्हा डोकं वर काढत असेल तर कोण अधूनमधून तुकडा टाकतंय ते आधी शोधा. तुकडा म्हणजे खाणंच असतं असं नाही. ओरडणं, ढकलणं, मागे धावणं, हसणं, पिल्लाला हे सगळं चालतं. आमच्याकडे पाहुणे आले की "बघा कशी करते" म्हणून हसायचे, तोही तुकडाच.

सगळ्यांना एकत्र बसवलं. ठरलं ते असं: ओढलं की काही न बोलता हातातलं काम ठेवून खोलीबाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं, अर्धा मिनिट. मग परत येऊन जणू काही झालंच नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा बाहेर. एक इशारा देतो: पहिले तीन-चार दिवस हे वाढतं. नेहमी चालणारी चावी चालेनाशी झाली की आपण काय करतो? आणखी जोरात फिरवतो. भिंगरीनं तिसऱ्या दिवशी लुगडं टरकन फाडलं. बहुतेक घरांत इथेच कुणीतरी हरतं आणि तुकडा टाकतं. त्या दिवशी टाकला, तर जोरात ओढल्यावर मिळतो हे तिला कायमचं कळलं म्हणून समजा.

पण आईला भाकरी देण्याचा आनंद होता, तो काढून घेणं मला बरं वाटेना. म्हणून तिला काम दिलं. भाकरीचे हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे एका डबीत, डबी ओट्यावर. भिंगरी आली आणि चारही पाय जमिनीवर ठेवून बसली तरच एक तुकडा. बसायचं सांगायला शब्द एकच. तोवर मी "बस" म्हणायचो, पोरगा इंग्रजीत "सिट", बायको "खाली". कुत्र्याला मराठी-इंग्रजीचं काही नाही, पण एकाच गोष्टीचे तीन शब्द म्हणजे त्याला नुसता गलका. आईचा शब्द ठरला, "बस गं बाई." महिन्याभरात सगळ्यात चांगली शिकवणारी आईच निघाली, कारण दिवसभर घरात असते आणि घाई नसते. मी शिकवताना एका बैठकीत वीस वेळा बसवायचो, भिंगरी जांभया द्यायची. आई दिवसभरात येता-जाता दोन-दोन वेळा बसवायची.

तक्रार चौथी: ऑगस्ट, वय आठ महिने

जुलैत पाऊस लागला. साताऱ्याचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळचं फिरणं गेलं, संध्याकाळचं दारापर्यंत. आठवडाभरात सात वाजताचा धिंगाणा परत, आता बारा किलो वजनाचा. या वेळी खरंच ताकद जिरत नव्हती. मार्चमध्ये हेच निदान चुकीचं होतं आणि ऑगस्टमध्ये बरोबर, त्यामुळे मागच्या वेळचा उपाय डोळे झाकून करू नका.

पावसात पळवता येत नाही, पण नाकाला काम देता येतं. कुत्रं वास घेण्यात जेवढं दमतं तेवढं चालण्यात दमत नाही असा माझा अनुभव. एक मोठं गोणपाट घेतलं, चुरगळून ढीग केला, आणि तिचं रात्रीचं जेवण, भाताचे गोळे आणि उकडलेल्या चिकनचे बिनमिठाचे तुकडे, त्याच्या घड्यांमध्ये लपवलं. वाटीतलं दोन मिनिटांत संपायचं, गोणपाटातलं वीस मिनिटं पुरतं. नंतर स्वारी आडवी. रिकाम्या ऑइलच्या डब्यात घालून देऊ नका, कितीही धुतला तरी. पाऊस उघडला की लांब दोरीला बांधून सावकाश फिरवायचं, हुंगू द्यायचं, ओढून नेण्याची घाई करायची नाही.

तरीही थोडं उरलं. "बस गं बाई" ऐकून ती माझ्याकडे बघायची आणि दुसरीकडे निघून जायची. गॅरेजमध्ये आलेल्या परक्या गिऱ्हाइकानं सांगितलं की मात्र बसायची! याचा राग येतो हो. पण हे वयच तसं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळींनी २०२० मध्ये गाईड-डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, होणाऱ्या पिल्लांवर हेच दाखवलं: पाच महिन्यांचे असताना सांभाळणाऱ्याचं ऐकत होते, आठ महिन्यांचे झाल्यावर त्याचंच ऐकेनासे झाले, परक्यांचं ऐकत राहिले. पुढे हे ओसरतं. मी एवढंच केलं की कामं सोपी केली आणि तुकडे वाढवले, जणू ती परत तीन महिन्यांची आहे.

याच सुमारास कुत्री माजावर येऊ शकते, सहा महिन्यांपासून पुढे केव्हाही. गेटबाहेर गल्लीतले कुत्रे जमायला लागले, ती चिडचिडी झाली. नसबंदी आधीच करायला हवी होती. मी आज-उद्या करत बसलो. मग डॉक्टरांनी माज उतरल्यावर दोनेक महिने थांबायला सांगितलं. हे माझ्या आळशीपणाचं बिल.

आणि आठव्या महिन्याचंच आणखी एक. माझ्या ओळखीतली दोन पिल्लं याच वयात परत रस्त्यावर गेली. गोंडस होती तोवर घरात होती. चावत नव्हतीही फारशी, नुसतं ऐकत नव्हती. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये. आमच्याकडे पंक्चरला याहून जास्त लागतात. पिल्लू आणायच्या आधी घरात एकच प्रश्न विचारा: बारा-चौदा वर्षं रोज संध्याकाळी सात वाजता घरात कोण असणार? आमच्याकडे आई होती म्हणून जमलं, माझ्या एकट्याच्या भरवशावर जमलं नसतं.

कार्ड बघूनही कारण सापडत नसेल, किंवा कधी न चावणारं पिल्लू अचानक चावायला लागलं, तर शिकवत बसू नका, आधी दवाखाना. कान दुखत असेल, गोचीड-जंत असतील, पोटात काही असेल. खाज सुटलेलं जनावर झोपत नाही, आणि न झोपलेलं काय करतं ते वर आलंच आहे.

आता चावणं बंद आहे. चपलेचं तेवढं चालू आहे. दाताच्या दिवसांत पोरानं तिला स्वतःची फाटकी चप्पल दिली होती, तिथून लागलेली सवय. मागे धावायचं नाही, धावलं की शर्यत होते. आई डबी वाजवते, ती चप्पल टाकून तुकडा घ्यायला येते, तेवढ्यात चप्पल उचलायची. हे दिवसातून दोनदा होतं. पळवते ती दर वेळी डावीच. का, ते कळलेलं नाही, कार्डावर लिहून ठेवलंय.